पाहुणा म्हणून बोलावता, विद्यार्थी म्हणून घेतलं असतं का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या नागपूरच्या पानावर एक फोटो आला होता. व्हीलचेअरवर बसलेला तिशीतला तरुण, गळ्यात हार, मांडीवर शाल आणि श्रीफळ, मागे संस्थेचे लोक उभे आणि खाली जिद्दीची कहाणी ऐकून विद्यार्थी भारावले अशा दोन ओळी. ती शाळा आमची नाही, पण हेच दादा आमच्याही शाळेत येऊन गेलेत, मी पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, आणि तो फोटो बघितल्यापासून सारखं वाटून राहिलं की त्या दोन ओळींत जे आलंच नाही ते कोणीतरी लिहायला पाहिजे. पत्र लांबणार आहे, जागेसाठी कापावं लागलं तर सुरुवातीचं कापा पण शेवटचं तेवढं राहू द्या ही विनंती. दादांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच सांगितलं की मॅडम माझं नाव नको, शाळांचं लिहा.

त्यांच्यावर काय बेतलं ते आधी सांगते. गाव काटोलकडचं, अकरावीची परीक्षा झालेली, मे महिना, सगळे पोट्टे मिळून शेतातल्या विहिरीवर पोहायला गेले, दरवर्षी जायचे तीच विहीर. पण मे मध्ये पाणी खाली गेलेलं असतं, कडेचे दगड ढासळून आत पडलेले असतात आणि वरून पाहिलं तर हिरवं पाणी दिसतं, तळ दिसतच नाही. दादांनी काठावरून डोक्याकडून सूर मारला. "डोकं टेकलं एवढं मालूम पडलं, मंग अंगच नाही राहिलं," असं ते सांगतात. पाण्यात पालथे तरंगत होते, पूर्ण शुद्धीवर होते, श्वास घ्यायला तोंड वर करायचं एवढंच करायचं होतं आणि तेवढंही होत नव्हतं. मित्रांनी उड्या टाकल्या, हातपाय धरून ओढत वर काढलं, आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून कच्च्या रस्त्याने दवाखान्यात नेलं. मानेचा पाचवा-सहावा मणका तुटला होता. तेव्हापासून खांद्याखालचं जवळपास सगळं शरीर बंद, यालाच क्वाड्रिप्लेजिया म्हणतात.

मुलांना ते असं समजावतात की मेंदू म्हणजे घरातलं मेन बोर्ड समजा आणि मज्जारज्जू म्हणजे तिथून निघालेली वायर, वायर जिथे तुटली त्याच्या वरचे दिवे लागतात, खालचे लागत नाहीत, पण खालचे दिवे खराब झालेले नसतात. मग स्वतःवरच दाखवतात. मानेतून नसांच्या आठ जोड्या निघतात, तिसरी चौथी पाचवी श्वासाच्या पडद्याकडे, पाचवी-सहावी खांदा आणि कोपर वाकवायला, सहावी मनगट उचलायला, सातवी कोपर सरळ करायला, आठवी बोटं मिटायला. म्हणून दादा कोपर वाकवू शकतात, मनगट थोडं उचलतात, पण हात पुढे ढकलता येत नाही आणि बोटं मिटत नाहीत. मार दोन-तीन मणके वर लागला असता तर श्वाससुद्धा मशीनवर गेला असता. मज्जासंस्थेचा धडा मी दरवर्षी शिकवते, आकृती फळ्यावर काढते, मुलं ती पाठ करतात, पण नववीच्या पोरांनी स्वतःच्या मानेच्या मागे हात लावून मणके मोजून बघितले ते त्या दिवशीच.

आता कार्यक्रमाबद्दल. आमच्याकडे नेहमीप्रमाणे स्टेजवर कार्यक्रम ठरला होता, स्टेजला चार पायऱ्या, चार शिक्षक खुर्ची उचलायला तयार होते. दादांनी नको म्हटलं. खुर्चीसकट उचलून पडण्याचे प्रकार होतात, आणि शिवाय अंगाला कुठे लागलं तरी त्यांना समजत नाही, जखम घरी गेल्यावर दिसते. ते म्हणाले मला खालीच राहू द्या, मुलांना सतरंजीवर माझ्याभोवती बसवा. मग प्रार्थनेच्या शेडमध्येच कार्यक्रम झाला आणि तेच बरं झालं. माइक त्यांच्या पंजाला पट्ट्याने बांधला, कारण आवाज बारीक आहे, पोटाचे आणि छातीचे स्नायू चालत नाहीत तर जोरात बोलता येत नाही, खोकताही येत नाही. मध्ये एकदा घशात कफ अडकला तर सोबत आलेल्या धाकट्या भावाने पुढे होऊन त्यांच्या पोटावर दोन्ही हातांनी दाब दिला, तेव्हा खोकला निघाला. मुलं एकदम गप्प झाली होती. दादा म्हणाले, सर्दी झालेला कोणी असेल तर थोडं मागं बसा, मले सर्दी झाली का छातीत जाते. आणि खरंच तीन-चार जणं उठून मागे गेली.

ओळख करून देताना आमच्यातल्या एका सहकाऱ्यांनी त्यांची तुलना स्टीफन हॉकिंगशी केली, भावना चांगली होती, पण हॉकिंग यांचा आजार मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशींचा, वयाच्या २१ व्या वर्षी कळला आणि हळूहळू वाढत गेला, यांचं एका क्षणात झालेलं, दोन्ही गोष्टी वेगळ्या. त्यापेक्षा आपल्या वरोऱ्याच्या बाबा आमट्यांचं उदाहरण मला जवळचं वाटतं, मणक्याच्या दुखण्यामुळे बाबांना बसताच येत नव्हतं, एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं, आणि तरी १९८५ ची भारत जोडो यात्रा झाली कारण त्यांना झोपून प्रवास करता येईल अशी गाडीत सोय केली होती. सोय केली म्हणून माणूस कन्याकुमारीहून निघू शकला, हे आपण सांगताना विसरतो, फक्त जिद्द तेवढी सांगतो.

मग दादांनी मुलांना एक काम दिलं. म्हणाले आता मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही, बसल्या जागी कंबर पण हलवायची नाही. साडेतीनशे मुलं बसली. मिनिटभर ठीक, मग कोणी मांडी बदलायला लागलं, कोणी एका कुल्ल्यावर कललं, कोणी हात टेकवला, पहिल्या रांगेतली एक मुलगी तर डोळे घट्ट मिटून बसली होती आणि तिचे पायाचे अंगठे हलत होते. दादा म्हणाले, तुमचं शरीर तुम्हाला सांगून राहिलं का हल, रक्त अडलं, आणि तुम्ही न विचार करता हलता. माझं शरीर मला सांगत नाही. म्हणून त्यांचा भाऊ ठरावीक वेळाने खुर्ची मागे कलवतो, रात्री झोपेत दर दोन तासांनी आई कूस बदलून देते, अलार्म लावून, इतकी वर्षं. नाही केलं तर कातडी मरते, आधी लाल डाग, मग जखम, मग हाडापर्यंत खड्डा, आणि तो भरायला महिनोन् महिने पालथं पडून राहावं लागतं. सुपरमॅनचं काम करणारे ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडून असेच झाले होते, पैसा होता, डॉक्टर होते, नर्सेस होत्या, आणि २००४ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्यावर अशाच जखमेच्या इन्फेक्शनचे उपचार चालू होते. हे ऐकल्यावर मुलांना त्या आईचं काम काय आहे ते कळलं, मला नाही वाटत दुसऱ्या कुठल्या भाषणाने कळलं असतं.

प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा पहिलाच प्रश्न सहावीतल्या एका मुलाचा, "दादा तुम्ही संडासले कसे जाता?" दोन शिक्षिका एकदम चूप म्हणून ओरडल्या. दादांनी थांबवलं, म्हणाले, विचारू द्या मॅडम, घरी गेल्यावर हे सगळे हाच विचार करणार आहेत. आणि त्यांनी सरळ उत्तर दिलं, लघवीची पिशवी भरली हा निरोपच मेंदूपर्यंत जात नाही, म्हणून दर चार ते सहा तासांनी नळीने काढावी लागते, वेळ चुकली तर नुसती गैरसोय नाही, त्यांच्यासारख्यांचं बीपी एकाएकी भडकतं, डोकं ठणकतं, तोंड लाल होतं आणि जीवावर बेततं. मग प्रश्नांचा पूरच आला. नाकावर माशी बसली तर काय करता, स्वप्नात चालता का, मित्र येतात का अजून, राग येतो का, मोबाईल कसा चालवता. मोबाईलचं त्यांनी करूनच दाखवलं, पंजाच्या पट्ट्यात एक काडी अडकवलेली असते, तिने टाइप करतात, माझ्यापेक्षा जास्त वेगाने. एका मुलीने विचारलं, तुमच्या आईला कंटाळा येत नाही का. दादा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, येतो, थकते ती, तिचं वय झालं, म्हणून घरी एक माणूस पगारावर ठेवला आणि त्याच्या पगारासाठी मी ऑनलाइन अकाउंटचं काम करतो, आईने सगळं करावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त मदतीची गरज असणाऱ्यांसाठी केअरगिव्हर भत्त्याची तरतूद लिहिलेली आहे, पण त्यांच्या घरी असा भत्ता अजून आलेला नाही, जे मिळतं त्यात मदतनिसाचा आठवडाही निघत नाही.

यानंतरचा जो भाग होता तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बातमीत तो कधीच येत नाही. दादा म्हणाले, माझे मित्र वाईट नव्हते, त्यांनी माझा जीव वाचवला, पण मान तुटलेल्या माणसाला हातपाय धरून ओढायचं नसतं आणि गाडीवर मधात बसवायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. तुटलेला मणका वर-खाली हलला की आधी थोडी शाबूत असलेली नससुद्धा चिरडू शकते. त्यांच्या बाबतीत नेमकं काय झालं हे आता कोणी सांगू शकत नाही, पण दुसऱ्याच्या बाबतीत ते टाळता येतं. आणि मग त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या मुलांकडून करून घेतलं. एका मुलाला सतरंजीवर आडवं केलं. मागच्या बाकावरचा आमचा एक पोट्टा आहे, रोज कोणाची ना कोणाची तक्रार असते त्याच्याबद्दल, त्यालाच दादांनी डोक्याशी बसवलं, दोन्ही तळहातांनी डोकं आणि मान सरळ रेषेत धरायची, सोडायची नाही आणि हुकूम त्यानेच द्यायचा. चार जण एका बाजूला, खांदा, कंबर, मांडी, पाय. तो एक दोन तीन म्हणेल तेव्हा सगळ्यांनी एकदम कुशीवर वळवायचं, मागून फळी सरकवायची, पुन्हा एक दोन तीन म्हणून सरळ. मानेच्या दोन्ही बाजूंना दप्तरं किंवा टॉवेलच्या गुंडाळ्या, डोकं हलू नये म्हणून. गावाकडे लोक बाज आणतात, दादा म्हणाले बाज नको, ती झोळ खाते, घराचं दार काढा, फळी घ्या, काहीही सपाट आणि कडक. पाण्यात असेल तर ओढाओढ न करता आधी हळूच उताणं करा, तोंड पाण्याच्या वर, मान सरळ, आणि मदत येईपर्यंत तसंच तरंगत ठेवा. श्वासच चालू नसेल तर मात्र आधी श्वास, बाकी सगळं नंतर. माणूस श्वास घेतोय, बोलतोय आणि जागा सुरक्षित आहे तर हलवूच नका, १०८ ला फोन लावा आणि डोकं धरून बसून राहा. त्या पोट्ट्याने पूर्ण वेळ डोकं सोडलं नाही, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता तो पुसायलाही त्याने हात काढला नाही.

आपल्याकडे हे किती गरजेचं आहे बघा ना. उन्हाळ्यात विहिरी आणि कालवे, मोहफुलं-चिंचा-आंब्यासाठी झाडावर चढणं, संक्रांतीला ओ काट करत नजर आभाळात लावून बिनकठड्याच्या गच्चीवर मागे मागे सरकणारी पोरं, रिंग रोडवर ट्रिपल सीट. मानेला आणि पाठीला मार लागतो तो मुख्यतः असाच, उंचावरून पडून आणि रस्त्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात दीड कोटीहून जास्त लोक मज्जारज्जूच्या इजेसह जगत आहेत. रस्त्यावरच्या जखमीला हात लावला तर पोलीस मागे लागतील ही भीती अजून लोकांच्या मनात आहे, ती पण दादांनी काढली, २०१९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती सुद्धा करता येत नाही. आणि एक योगायोग असा की मज्जारज्जू इजेबद्दलचा जागतिक दिवस ५ सप्टेंबरला असतो, म्हणजे आपल्या शिक्षक दिनालाच. त्या दिवशी आठवी-नववीची मुलं शाळा चालवतात, त्यातला एक तास या कामाला द्यायला कोणाची परवानगी लागू नये.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

कार्यक्रम संपत आला तेव्हा दादांनीच मुलांना एक प्रश्न विचारला, तुमच्या शाळेत माझ्यासारखं खुर्चीवर येणारं कोणी आहे का? मुलं इकडे तिकडे बघायला लागली, मग सगळी मिळून नाही म्हणाली. दादा म्हणाले, नागपुरात नाहीत असं नाही पोट्टेहो, घरी आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांच्या वर दिव्यांग नोंदले गेले, त्यात शाळेच्या वयाची मुलं आहेतच ना, मग ती आमच्या हजेरीपटावर का नाहीत? मी तिथेच उभी होते आणि मला आमच्या वस्तीतला एक मुलगा आठवला. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू हळूहळू कमजोर होत जातात, हा आजारही २०१६ च्या कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत आहे. सहावीपर्यंत चालत शाळेत जायचा, मग पडायला लागला, मग वडील उचलून न्यायचे, वडील ऑटो चालवतात. त्याची शाळा दुसरी, नाव लिहीत नाही. आठवीचे वर्ग वरच्या मजल्यावर, वडिलांनी विनंती केली की फक्त याची तुकडी खाली आणा, उत्तर आलं की खाली प्राथमिकचे वर्ग आहेत, बघू. बघता बघता दिवाळी झाली, वडिलांच्या पाठीने जवाब दिला आणि पोरगं घरी बसलं. गणितात हुशार होता. दोन तुकड्यांची अदलाबदल करायला एक रुपया लागत नाही, बाकं उचलायला पोरं असतात, एका शनिवारी झालं असतं. आणि ती शाळासुद्धा उद्या दादांना बोलावेल, हार घालेल, फोटो पाठवेल. दादा पाहुणे म्हणून येतात तेव्हा चार लोक उचलायला धावतात, तेच दादा अकरा वर्षांचे असते आणि दाखल्यासाठी दारात आले असते तर आपण काय सांगितलं असतं? हा प्रश्न मी आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये विचारला, आता सगळ्या शाळांना विचारते आहे.

आमचीच इमारत घ्या. रॅम्प आहे, शाळा सरकारला देतात त्या यूडायसच्या माहितीत रॅम्प हो, असं भरलेलंही आहे. पण नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे. आमचं जोतं दोन फुटांचं, म्हणजे चोवीस फूट पाहिजे, आहे सहा-सात फूट. त्यावर दादांची खुर्ची चढवताना मागून तिघांनी ढकललं तरी पुढची चाकं उचलली गेली, त्यांच्या भावाने छातीवर हात दाबून धरला म्हणून ते मागे पडले नाहीत. उतरताना उलटं उतरवावं लागलं. दिव्यांगांचं शौचालय आहे, त्यावर व्हीलचेअरचं चित्र काढलेलं आहे, आणि आत झाडू, चुन्याची पोती आणि क्रीडा महोत्सवाचे झेंडे. दार इतकं अरुंद की खुर्ची जाणारच नाही, मोकळी जागा किमान ९० सेंटीमीटर हवी. दादांना नळीची वेळ झाली तेव्हा आम्ही विज्ञान प्रयोगशाळेचे पडदे लावून तिथे सोय केली. अडीच तासांच्या कार्यक्रमासाठी आलेल्या माणसाची ही अवस्था, रोज सहा तास बसणाऱ्या मुलीची काय होईल हा विचार करा.

आणि हे सगळं कोणाच्या दयेवर सोडलेलं नाहीये. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच शाळेची इमारत अडथळ्याविना असावी असं आहे. २०१६ चा कायदा सरकारी, अनुदानित आणि मान्यताप्राप्त, सगळ्याच शाळांना लागू आहे. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे २०२२ मध्येच मुदत संपली. ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की सुगमतेचे नियम नुसत्या शिफारशी म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक करा, आणि केंद्राला तीन महिने दिले. समग्र शिक्षा या सरकारी योजनेमध्ये अशा मुलांसाठी प्रवास भत्ता आणि सोबत येणाऱ्यासाठी भत्ता आहे, हे किती पालकांना शाळेने स्वतःहून सांगितलं? त्या ऑटोवाल्या वडिलांना कोणीच सांगितलं नव्हतं. आपल्याच शहरात मेट्रोने हे करून दाखवलंय, प्रत्येक स्टेशनला लिफ्ट, डब्यात व्हीलचेअरची जागा, दादा त्यांच्या नातेवाईकांकडून सीताबर्डीपर्यंत मेट्रोने फिरतात, अडतं ते स्टेशनच्या बाहेर पडल्यावर, फुटपाथवर गाड्या, टपऱ्या आणि ट्रान्सफॉर्मर.

बोलावणाऱ्या शाळांना अजून थोडं सांगायचं आहे. मानधन द्या. ट्यूशन क्लासवाले टाय घातलेल्या वक्त्यांना पाकीट देतात आणि दादांना शाल-श्रीफळ, बोटं मिटत नाहीत त्या हातात बुके. गाडीचं पेट्रोल, भावाची बुडालेली मजुरी, मदतनिसाचा दिवस हे सगळं त्यांच्या खिशातून जातं आणि मागायला त्यांना संकोच वाटतो, तर न मागता द्या. उन्हाळ्यात दुपारी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नका, त्यांना मानेखाली घाम येत नाही, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा त्यांचं अंग तापत जातं आणि उतरायला वाटच नसते, भाऊ स्प्रेच्या बाटलीने तोंडावर पाणी मारत राहतो. हिवाळ्यात बोलवा, सकाळी बोलवा. आणि प्रमुख पाहुणे यायचे आहेत म्हणून तासभर ताटकळत ठेवू नका, एका ठिकाणी असं झालं आणि त्यांची नळीची वेळ टळली, डोकं ठणकायला लागलं, कार्यक्रम सोडून जावं लागलं, आणि मागून लोक म्हणाले की जरा भाव खातो.

सगळ्यात जास्त मला खुपतं ते आभार प्रदर्शनातलं वाक्य, जे बहुतेक ठिकाणी असतंच, की बघा मुलांनो यांना हातपाय नाही चालत तरी ते एवढं करतात आणि तुम्ही सगळं असून अभ्यास करत नाही. मुलांना लाज वाटावी म्हणून एका माणसाचं शरीर दाखवायचं, हे आपण शिक्षकांनी करू नये. दादा स्वतः असं कधीच बोलत नाहीत. एका मुलाने विचारलं की जिद्द असेल तर सगळं होतं ना, तर ते म्हणाले, "जिद्दीनं माह्यी बोटं नाही हलली रे. पहिले दोन वर्षं तर मले जगाचंच नव्हतं. मंग फिजिओवाल्या ताई आल्या, खुर्ची मिळाली, फोन मिळाला, मंग जिद्द कामी आली." आमच्या नववीतली एक मुलगी, घरी बरंच काही चालू आहे तिच्या, कार्यक्रमानंतर त्यांच्याशी वेगळं बोलायला थांबली आणि त्या जगायचंच नव्हतं वाल्या वाक्याबद्दलच विचारत होती. त्यांनी तिला वेळ दिला, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की मॅडम हिच्याकडे लक्ष ठेवा, घरच्यांशी बोला. आम्ही बोललो. म्हणून मी कार्यक्रम नको असं अजिबात म्हणत नाही, उलट प्रत्येक शाळेत व्हावा, फक्त भाषणासोबत प्रश्नांना पूर्ण वेळ द्या आणि ते काय सांगतात ते इमारतीपर्यंत पोचू द्या.

आमच्याकडे शौचालयातलं सामान बाहेर निघालंय, दार मोठं करायला सुतार येऊन माप घेऊन गेला, रॅम्पचं इस्टिमेट संस्थेकडे पडलंय आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे. दिव्यांग मूल दाखल झालं तर त्याचा वर्ग तळमजल्यावर राहील असा ठराव शाळा व्यवस्थापन समितीने केला, लेखी. बाकी शाळांनी निदान हा ठराव तरी करावा, त्याला निधी लागत नाही.

आणि आपल्याला एक विनंती. दादा तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले आहे. आपला एक वार्ताहर त्यांच्यासोबत पाठवा आणि ज्या ज्या शाळांनी त्यांना बोलावलं होतं तिथे पुन्हा जाऊ द्या, या वेळी कार्यक्रमाला नाही, नुसतं गेटपासून आठवीच्या वर्गापर्यंत आणि तिथून शौचालयापर्यंत. टेप घेऊन जा, रॅम्पची लांबी आणि जोत्याची उंची मोजा, शौचालयाच्या दाराचं माप घ्या, कुलूप आहे का बघा, आणि ते आकडे शाळावार छापा. आमच्या शाळेपासून सुरू केलं तरी चालेल, मुख्याध्यापकांना मी विचारलंय, ते हो म्हणाले.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, पूर्व नागपूर